अमरावतीची लाईन

"अबे, आजही नाही?" चंद्रभानने पोस्टाच्या पायरीवरच विचारलं.

धर्मपालने नुसती मान हलवली. त्याची धाकटी बहीण पंचफुला अमरावतीच्या दवाखान्यात होती. ताप उतरत नव्हता. बाबा तिच्याजवळ होते आणि रोज दुपारी वरूडच्या पोस्टात फोन करीन, असं सांगून गेले होते. काल फोन आला नाही, आजही नाही. तारेचे निरोपही याच फोनवरून यायचे, म्हणजे तोही रस्ता बंद! दिवाळीची सुट्टी, गावभर संत्र्यांच्या गाड्या, आणि हा आपला तोंड पाडून पायरीवर बसलेला. मित्रांना ते बघवेना.

"चाला, विचारू तरी!" शकुन म्हणाली. तिघांत ती वयाने लहान, पण जीभ सगळ्यांत तिखट.

आत देवीदासकाका बोर्डासमोर बसले होते. गावातले सगळे फोन तेच जोडून देत.

"काका, अमरावतीची लाईन काहून नाही लागत?"

"एकच लाईन हाय पोरी, अन् ते खुशालरावांनं धरून ठेवली. थो पाहा त्यायचा दिवा! फोन उचलला की लागते, ठेवला की विझते. कालपासून विझलाच नाही."

"कालपासून बोलूनच राहिले?"

"संत्र्याचे सौदे हायेत बाप्पा! मागं एकदा मी मधात तोडलं, तर मले चार लोकांत शिव्या बसल्या. सौद्यात कानही घालाचा नाही म्हणते. आता बॅटरीही उतरून राहिली. कोणाचा आवाजच धड येत नाही."

चंद्रभान चक्रावला. खुशालराव म्हणजे त्याचेच आजोबा!

"पण काका, आबा तर कालपासून बागेत हायेत! संत्र्याची तोडाई चालू हाय. फोन पेढीत हाय, अन् पेढीले कुलूप हाय!"

मग बोलतंय कोण?

"चोर!" शकुन ओरडली. "पळा!"

धर्मपाल जागचा हलला नाही. मधेच फोन आला तर? ते दोघेच धावले.

पेढीच्या मागच्या खिडकीचा एक गज निखळला होता. चंद्रभान अडकला, शकुन सुळकन आत गेली.

"कोण हाय आत?"

"कोणीच नाही रे! टेबलावर एक गाठोडं हाय."

गाठोडं कसलं, तो फोनच होता! आबांच्या मोठ्या रुमालात गुंडाळलेला. चंद्रभानने कपाळावर हात मारला. बाजारात भाव ठरवताना आबा रुमालाखाली समोरच्याची बोटं धरत, तिसऱ्याला भाव कळू नये म्हणून. "फोनमधूनही कोणी आयकन म्हणून त्यालेही रुमालात बांधून ठेवलं त्यायनं!" रुमालाची जाड घडी रिसीव्हरखाली अडकली होती, त्यामुळे फोन नीट बसलाच नव्हता. मालक बागेत, आणि इकडे लाईन अडवून फोन गुपचूप बॅटरी खात होता!

शकुनने रुमाल ओढला. रिसीव्हर खट्कन खाली बसला.

"विझला! दिवा विझला!" पोस्टात देवीदासकाका ओरडले. त्यांनी बोर्डावरून खुशालरावांची दोरी काढली, आणि लगेच घंटी वाजली. "अमरावती! धर्मपाल, तुहे बाबा!"

"बाबा! पंचफुला कशी हाय?"

पलीकडून बाबांचा आवाज खरखरत आला.

"कालपासून फोन लावून राहिलो रे बापू. मायले घेऊन लवकर ये, एवढंच सांगाचं होतं. पंचफुला तुहंच नाव घे. दादाशी बोलाचं म्हणे. नर्सबाईनं तिले उचलून फोनपाशी आणली, पण लाईनच नाही." बाबांचा आवाज फुटला. "आज सकाळी गेली रे."

देवीदासकाकांनी हळूच त्याच्या हातातून फोन घेतला.

"सापडलं! चोर नाही, रुमाल हाय रुमाल!" शकुन आणि चंद्रभान धापा टाकत आत शिरले, आणि धर्मपालचं तोंड बघून दारातच थांबले.

बातमी कळताच खुशालराव बागेतून आले. पोस्टमास्तर म्हणाले, "मोठ्यांना जमलं नाही ते या मुलांनी केलं. गावाची लाईन सोडवली. शाबास!" देवीदासकाकांनी मान वर केली नाही. खुशालरावांनी हात धर्मपालच्या डोक्यावर ठेवला. "शाबास, पोरा," एवढंच त्यांना म्हणता आलं.

धर्मपालला शाबासकी नको होती. त्याला पंचफुला हवी होती.

"तुही माय माह्याच बागेत तोडाईले हाय," खुशालराव म्हणाले. "तिले काही मालूम नाही. मी सांगतो."

"नाही आबा. मायले मीच सांगीन."

तो उठला. एका बाजूने शकुन, दुसऱ्या बाजूने चंद्रभान त्याच्याबरोबर चालू लागले. बाग जवळ आली, तेव्हा आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि त्यात त्याच्या आईचाही होता.