भिंतीवरची पट्टी

"दादा, वहिनीचा फोटो कुठंय?"

दारातून आत पाऊल टाकताच धाकटीच्या तोंडून हेच निघालं. भिंतीवर खिळा होता, खिळ्याखाली फोटोएवढा उजळ चौकोनही होता, पण फोटो नव्हता! इतक्या वर्षांनी बहीण घरी आली होती आणि दादा मात्र ओळख नसल्यासारखा तिच्याकडे बघत उभा होता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, बाह्या लोंबत असलेल्या, दाढी वाढलेली... इस्त्रीची घडी मोडू न देणारा दादा तो हाच का, असं तिला वाटून गेलं. बाईमाणूस गेल्यावर घरात काय काय करायचं राहून जातं, ते आधी अंगावरच्या कपड्यांवर दिसतं.

"कपाटात आहे. पालथा ठेवलाय," तो म्हणाला. "पिशवी ठेव, चिमे. तुला एक विचारायचंय, म्हणून निरोप धाडला."

वहिनी गेल्याचंही तिला त्या निरोपातूनच कळलं होतं. रडावं की रागवावं, हे तिला वाटभर समजलं नव्हतं, आणि आता तर काहीच समजेनासं झालं. ज्या बायकोवाचून या माणसाचं पान हलत नव्हतं, तिचाच फोटो त्याने पालथा घातला... का?

दादा तिला मागच्या खोलीत घेऊन गेला. खिडकीखाली तेच लाकडी मेज होतं, काम आवळून धरायचा तोच लोखंडी शेगडा होता, आणि ओळीने लावलेल्या कोरण्यांवर धूळ बसली होती. शिकारीच्या उंची बंदुकांच्या पोलादावर दादा याच मेजाशी बसून चित्रं कोरायचा. वेलबुट्टी, लव्हाळ्यातून उडणारी बदकं, कान मागे टाकून धावणारा कुत्रा. धाकटी त्याच्याच शेजारी बसून शिकली होती. पक्षी कोरावेत तर हिनेच, असं बंदूकवाले मालक म्हणायचे, तेव्हा दादा म्हणायचा, "बदकं हिला येणारच, दिवसभर कलकलाट तोच तर करते!"

"लक्ष नका देऊ, वन्सं," दारातून वहिनीचा आवाज यायचा. "त्यांचा कुत्रा बघा, तोंड अगदी त्यांच्यावर गेलंय."

सकाळी कामावर बसण्याआधी वहिनी दादाच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. "नवरा आहे की बाळ?" धाकटी चिडवायची. "घाई असते हो त्यांना," असं म्हणून वहिनी हसायची... ते सगळं कुठे गेलं?

मेजाच्या वर, भिंतीला ठोकलेली ती पट्टी अजून होती. बंदुकीच्या घोड्याच्या बाजूला बसणारी, तळहाताएवढी पोलादी पट्टी. कडेने वेल होती, मध्ये धावणारा कुत्रा होता, आणि वेलीतून निघून थेट कुत्र्याच्या गळ्यावरून गेलेला एक ओरखडा होता. हात सुटून कोरणी पळाली की असा ओरखडा पडतो, आणि पोलादावर पडलेला ओरखडा पुसता येत नाही.

ती वेल दोघांनी आळीपाळीने कोरली होती. रेषा नीट दिसाव्यात म्हणून दादा शेवटचे हात फिरवता फिरवता पट्टीला पुन्हा पुन्हा काजळी चोळायचा. त्या दुपारी मालक पट्टी बघायला आले, दादा उठून बाहेर गेला आणि जाता जाता वहिनीला पट्टी पुसून ठेवायला सांगून गेला. धाकटी हात धुऊन आत आली, तर वहिनी फडकं घेऊन उभी होती. काजळी निघाली होती, ओरखडा उघडा पडला होता, आणि वहिनीचा चेहरा पांढराफटक! तिने धाकटीकडे नुसतं बघितलं. पदर पसरून भीक मागावी तसे ते डोळे होते... पुसता पुसता हिच्या हातून कोरणी लागली, एवढंच धाकटीला समजलं.

"कुणी केलं हे?" दारातून दादा गरजला. मागे मालक उभे होते.

"माझा हात सुटला, दादा."

मालकांसमोर त्याने तिला नको ते ऐकवलं आणि या मेजाला पुन्हा हात लावायचा नाही म्हणून बजावलं. ती त्याच संध्याकाळी निघाली. परक्या गावात जिंकणाऱ्यांच्या चषकांवर, घड्याळांच्या पाठीवर लोकांची नावं कोरत तिने आयुष्य काढलं, पण बदक काही पुन्हा कोरलं नाही. दादाने नवी पट्टी कोरून दिली, आणि बिघडलेली इथे ठोकली, डोळ्यांसमोर राहावी म्हणून!

"जायच्या आधी तिने माझा हात धरला," दादा आता सांगत होता. "म्हणाली, 'अहो, तो ओरखडा माझ्या हातून झाला. वन्संना घरी आणा.' एवढं बोलली आणि संपली! चिमे, माझी बहीण घर सोडून गेली, आणि ही रोज या पट्टीखाली केर काढत राहिली, मला जेवायला वाढत राहिली, आणि अवाक्षर बोलली नाही! कुणाबरोबर संसार केला गं मी?" त्याने पट्टीकडे बोट केलं. "खरं सांग. तुझा ओरखडा, की तिचा?"

धाकटी गोंधळली. 'तिचा' म्हटलं की धाकटी स्वतः सुटणार होती, आणि ते खोटंही नव्हतं! या एका शब्दासाठी तिने किती वर्षं वाट बघितली होती. वहिनीने आपल्याला जाऊ कसं दिलं, हा सल तिच्याही मनात होताच. पण कपाटात पालथा पडलेला तो फोटो...

"माझाच," ती म्हणाली.

"खोटं! तेव्हाही तिच्यासाठी खोटं बोललीस, आताही बोलतेयस."

"माझाच आहे. थांब, दाखवते."

तिने पट्टी उपसून काढली, खिडकीशी नेली, मेजावरचं भिंग डोळ्याला लावलं. त्या ओरखड्यासाठी पहिल्यांदाच. त्या दिवशी बघायला वेळ कुठे होता! तिने आधीच कबूल केलं, आणि कबुली मिळाल्यावर दादाने भिंग कशाला लावावं?

दादा वेल देठापासून धरून आत वळवत न्यायचा. ती आतल्या टोकापासून सुरू करून बाहेर सोडायची. दोघांच्या हाताची वळणंच उलटी. आणि सुटलेली कोरणी हात चालला असेल त्याच दिशेला पळते, सुरुवातीला खोल आणि पुढे केसासारखी बारीक. हा ओरखडा कोरलेल्या रेषेच्या टोकातूनच निघाला होता. देठाकडे खोल होता, आत जाता जाता विरला होता; पुसताना नव्हे, कोरतानाच पडलेला, देठाकडून आत वळणाऱ्या हाताचा.

धाकटीने भिंग पुसून पुन्हा डोळ्याला लावलं. तिचा स्वतःचा तर नव्हताच... पण वहिनीचाही नव्हता! 'मला वाचवा' असं ते डोळे म्हणतच नव्हते, 'यांना वाचवा' म्हणत होते! कळलंच नाही... इतकी वर्षं आपण कुणासाठी काय सोसलं, तेच कळलं नाही!

आणि आता? सांगितलं, तर या माणसाजवळ उरलेला शेवटचा अभिमानही जाणार. आणि नाही सांगितलं, तर वहिनी कपाटात तशीच पालथी राहणार.

"काय झालं?" दादाने विचारलं. "बोल ना."

तिने भिंग त्याच्यापुढे धरलं. "तूच बघ, दादा. कुठून कुठे गेलाय ते बघ."

तो वाकला. खूप वेळ वाकलेलाच राहिला.

"हा तर... चिमे, हा माझा हात आहे."

त्याने ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"पण मला कळलं कसं नाही? कोरणी सुटली तर बोटांना कळतं गं!"

"तेव्हा तुझ्या बोटांना मुंग्या येत होत्या का, दादा?"

तो चपापला. "येत होत्या. मध्येच बोटं मेल्यासारखी व्हायची. आता तर कायमचीच गेलीत. पण तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर मालकांनी काम दिलं असतं का? हिलासुद्धा सांगितलं नव्हतं!"

"मग तुझी बटणं कोण लावायचं?"

दादाने मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. वरखाली लागलेली ती बटणं तो बघतच राहिला, आणि मग लहान मुलासारखा हुंदका फुटून मटकन स्टुलावर बसला. "घाई असते म्हणायची... सगळ्यांना तेच सांगायची! आणि मी तिला पालथी..."

फोटो त्यानेच आणला. पण दोरी त्या बोटांनी खिळ्यात अडकेना. धाकटीने हात लावला, तेव्हा फोटो जागेवर बसला. वहिनी दोघांकडे बघू लागली.

"मला सांगायचं होतंस गं," दादा फोटोला म्हणाला. मग धाकटीकडे वळून म्हणाला, "तू तरी."

"मला कुठे माहीत होतं?" धाकटी रडता रडता हसली. "मी वहिनीला वाचवत होते!"

तिने त्याला समोर उभं केलं, चुकलेली बटणं सगळी सोडवली आणि गळ्यापासून एकेक नीट लावायला घेतली. शेवटचं बटण लागल्यावर त्याने मेजावरची पट्टी तिच्या हातात दिली.

"ही परत ठोक तिथे."

"आता कशाला, दादा?"

"राहू दे. माझी आहे."