मधल्या घराची पाळी

आमच्या गल्लीत मेरीमातेची पेटी घरोघर फिरते. काचेच्या दाराची लाकडी पेटी, आत वीतभर मूर्ती आणि मूर्तीच्या कडेवर बाळ येशू. एका घरी एक दिवस, मग शेजारी. बाळंतपण असलं तर आपल्या पाळीआधीही मागून आणता येते, म्हणून त्या दुपारी मी ओबदुलियाकडे निघाले. माझी लेक मार्सेला कळा देत होती आणि सुईणीचा चेहरा मला आवडला नव्हता.

माझ्या आणि ओबदुलियाच्या घरांच्या मधे कासिल्दाचं घर. ते आम्ही वगळायचो. ओबदुलियाचा मुलगा गावाजवळच्या ताहो नदीत घसरून बुडाला तेव्हा ही निपुत्रिक बाई शेजारच्या दगडावर कपडे पिळत होती, आणि तिने साधी हाकसुद्धा मारली नाही. शेवटच्या आजारात भिंतीवर थापा मारून तिने पेटी मागितली. मी उत्तर दिलं नाही. आजही देणार नाही. हिवाळ्यात ती मेली आणि घराला कुलूप लागलं.

उन्हाने दगड तापले होते. खिडक्या बंद, गाव झोपलेलं, गल्लीत फक्त माझ्या चपलांचा आवाज. कासिल्दाच्या दाराशी मात्र एकदम गार लागलं. नदीच्या गाळाचा वास आला. मी पाय उचलला.

ओबदुलिया डोळे चोळत आली. "पेटी? मघाशी तूच तर नेलीस."

"मी आत्ता येतेय."

"अर्धवट उघड्या दारातून हात आत आला. म्हणाली, माझी पाळी आहे. मी झोपेत होते गं... मला वाटलं, तूच." ती स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिली. "हात ओला होता."

मी कासिल्दाच्या दाराशी परतले. कुलूप गंजलेलं, जागच्या जागी. फटीतून मेणबत्तीचा उजेड हलत होता. रागाने मी दार बडवलं.

"पेटी दे, कासिल्दा. माझी पोर मरेल."

आतला आवाज शांत होता. "बाळ हवंय ना... घेऊन जा. पण पुढच्या वेळी माझी पाळी चुकवू नकोस."

उजेड विझला. मी धावत घरी आले. सुईण निळं पडलेलं बाळ फडक्यात गुंडाळत होती, आणि तेवढ्यात ते रडलं. पेटी उंबऱ्यावर होती. मूर्तीच्या कडेवर बाळ येशू नव्हता.

पाद्रीबाबा म्हणाले, वाळवी लागली असेल. आम्हीही तसंच म्हणालो. पोर गुटगुटीत झालं. फक्त त्याचे केस कधी वाळले नाहीत.

बाळंतपणानंतर गेल्या महिन्यात पेटी पहिल्यांदा माझ्याकडे आली. मार्सेला म्हणाली, "आई, एकदा कासिल्दाच्या उंबऱ्यावर ठेव." मी तिला गप्प केलं. ओबदुलियाच्या पोराला बुडू देणारीपुढे वाकायला मी काय भिकारीण आहे? पेटी सरळ ओबदुलियाकडे नेऊन दिली.

आज ती फिरून आली. मूर्तीच्या कडेवर बाळ येशू परत आलाय. त्याच्या लाकडी पायांवरून पाणी ठिबकतंय.

वरच्या खोलीत मार्सेला पाळणा हलवत हळू आवाजात गातेय. तिला वाटतंय, पोर झोपलंय. मी अजून वर गेलेली नाही.