एक ठोका मागे

ही घटना खरी आहे.

ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे मामा. रत्नाकरमामा. सगळी नोकरी बँकेत काढलेला माणूस, तिखटमीठ लावून सांगणं त्यांना जमतच नाही. ते स्वतःच म्हणतात, "मला रंगवून सांगता आलं असतं तर मी पुढे उभा राहून गायलो नसतो का? मागे बेस गिटार कशाला वाजवत बसलो असतो?"

आणि हो, असल्या गोष्टी मध्यरात्रीच घडतात असं वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढून टाका.

हे भर दुपारी घडलं.

बनारसमध्ये. मागच्या वर्षीच्या जानेवारीत.

मामा अमृतराव घाटाच्या मागच्या गल्लीत राहतात. दुसऱ्या मजल्यावर, एकटे. आनंदीमामी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी स्वरदा लग्न होऊन पुण्याला. घरात उरलं काय, तर कलकत्त्याहून आणलेला एक जुना बेस गिटार, गल्लीतल्या रेडिओवाल्याने बनवून दिलेला कपाटाएवढा अ‍ॅम्प्लिफायर आणि भिंतीवर एक फोटो. फोटोत बेलबॉटम घातलेली चार मराठी पोरं. खाली लिहिलंय, 'फोर घाट्स'.

एके काळी कॅन्टोन्मेंटमधला नाताळ ह्या चौघांशिवाय व्हायचा नाही. आता त्यातला एक अमेरिकेत. तो व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या अ‍ॅम्पचे फोटो टाकतो आणि खाली लिहितो, 'क्या दिन थे!' दुसरा केव्हाच वारला.

तिसरा नीलकंठ. ड्रमवाला. मामांचा जिवलग.

पन्नास वर्षं दोघं एकाच गोष्टीवरून भांडले. नीलकंठ ड्रम वाजवताना किंचित मागे राहायचा. एक ठोका नाही, पण ठोक्याचा जरासा तुकडा.

"नील्या, मागे पडतोयस!"

"मी मागे नाही रे, तूच पुढे भागतोयस."

म्हातारपणीही दोघं दर रविवारी वाजवायचे. ऐकायला कोणी नसायचं. त्यांचं काही अडायचं नाही.

मग गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर नीलकंठ गेला. काशीत गेला, मणिकर्णिकेवर त्याचं सगळं झालं. अशा माणसाचं भूत होत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काशीत मेला तो सुटला.

तेराव्यानंतर त्याची बायको, शरदिनीवहिनी, मुलाकडे इंदूरला निघाली. जाताना नीलकंठचा एक छोटा ड्रम मामांच्या हातात देऊन गेली.

"भावजी, हा तुम्हीच ठेवा. सामने के कमरे में फ्रिज सुरू झाला की हा इकडे कुरकुरतो. मला वाटतं, हेच आलेत."

त्यात भुताचं काही नव्हतं. ह्या ड्रमच्या खालच्या बाजूला तारांची एक पट्टी असते. खोलीत कुठेही घुमणारा, खालच्या पट्टीतला आवाज झाला की त्या तारा आपोआप थरथरतात. खर्रर्र. ड्रमला हातही लावायला नको. बेस वाजला की हमखासच.

ते थांबवायला ड्रमच्या कडेला एक खटका असतो. खटका वर केला की तारा ताणलेल्या. खाली पाडला की सैल, मग आवाज नाही. नीलकंठ खटका दोनच वेळा पाडायचा. एक, मामा बेस सुरात लावत असताना, खरखरीचा त्रास नको म्हणून. आणि दोन, कार्यक्रमाला निघताना, रिक्षात ड्रम वाजत राहू नये म्हणून.

मामांनी ड्रम कोपऱ्यात स्टँडवर ठेवला. खटका वर.

बेस वाजवला.

खर्रर्र...

मामांना रडू आलं. सरळ सांगतो, रडू आलं. इतक्या दिवसांत घरात त्यांना कोणी उत्तर दिलं नव्हतं.

मग ते रोज वाजवू लागले. विज्ञान आहे हे ठाऊक होतं, तरी मधूनमधून कोपऱ्याकडे बघून म्हणायचे, "काय रे, आज मूड नाही?"

तो जानेवारीचा दिवस. कोहरा इतका दाट की घाटाच्या पायऱ्यांवरून गंगा दिसत नव्हती. नावा बंद. गल्लीत चिटपाखरू नाही. मामांनी दाराला आतून कडी घातली, अ‍ॅम्प तापू दिला आणि बेस सुरात लावायला घेतला.

पहिली तार. खर्रर्र...

दुसरी तार. खर्रर्र...

तिसरी तार...

काहीच नाही.

मामांनी पुन्हा छेडली. शांतता.

त्यांनी मान वर केली.

खटका खाली होता.

आपणच पाडला असेल, मामांनी मनाची समजूत घातली. वय झालं. त्यांनी चौथी तार लावली, बेस मांडीवर नीट घेतला, आणि आता उठून खटका वर करावा म्हणून हात टेकला.

तेवढ्यात...

खट्.

त्यांच्या डोळ्यांदेखत खटका वर गेला.

सुरात लावून झालं होतं ना! आता वाजवायचं होतं.

मामांची पाचावर धारण बसली. कडी काढून ते अनवाणी खाली पळाले, ते थेट मुन्शी घाटापर्यंत. तिथे कोहऱ्यात एका पायरीवर बसून राहिले. कोणाला सांगावं म्हणून खिशातून फोन काढला. नावं वर सरकवली, खाली सरकवली.

सांगण्यासारखा माणूस एकच होता. तो ड्रमपाशी होता.

अंधार पडायच्या आत मामा उठले आणि घरी आले. अ‍ॅम्प तसाच चालू होता. त्यांनी जुनं एक गाणं सुरू केलं. ड्रमच्या तारा वाजू लागल्या. पण आता बेसबरोबर नाही...

किंचित मागे.

ठोक्याचा जरासा तुकडा मागे.

"नील्या," मामा म्हणाले, "मागे पडतोयस."

आणि ते हसले. त्या दिवसापासून त्यांना भीती अशी वाटलीच नाही. उलट, इतके सुखाचे दिवस मामी गेल्यापासून आले नव्हते. रोज दुपारी जेवण झालं की दोघं वाजवायला बसायचे.

होळीला स्वरदा आली. बाप कोपऱ्याशी बोलतो, एकटाच हसतो, जेवणाचं भान नाही. तिचा जीव कासावीस झाला.

"बाबा, पुण्याला चला. इथे कोण आहे तुमचं?"

काय सांगणार? मामांनी कोपऱ्याकडे पाहिलं. पोरगी रडली. ती रडली की मामांचा नेहमीच नाइलाज होतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी स्वरदा दर्शनाला गेली होती. मामा ड्रमसमोर बसले. "सुन ना नील्या, जाऊ का मी?"

बेसवर एक सूर वाजवला.

उत्तर नाही.

खटका खाली होता.

मामांनी वाट पाहिली. खटका वर गेला नाही. त्यांनी आणखी वाजवलं, बराच वेळ वाजवलं. मग त्यांना वाटलं, कळलं. नील्याने निरोप दिला. संपलं. काशीचा माणूस काशीत राहिला.

ड्रमवर चादर टाकली, अ‍ॅम्पचा प्लग काढला, आणि फक्त बेस खांद्याला लावून मामा पुण्याला गेले.

स्वरदाचा फ्लॅट छान आहे. पहिला मजला. जावई केयूर भला माणूस. मामांना स्वतंत्र खोली दिली, आणि शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून कानाला लावायचे हेडफोन आणि एक हातात मावेल एवढं यंत्र. बेस त्याला जोडायचा. आवाज फक्त आपल्या कानात. खोलीत बसलेल्यालाही ऐकू येत नाही.

मामा वाजवायचे. कानात बेस एकटाच. मागे कोणी नाही.

घर माणसांनी भरलेलं होतं आणि मामा आतून रिते होत चालले होते. पावसाळा गेला, दिवाळी झाली. शेवटी घराच्या नळाचं काम निघालंय असं खोटंच सांगून ते बेस घेऊन एकटे बनारसला परतले.

आले ते चप्पल न काढता खोलीत. चादर दूर केली. खटका वर केला. अ‍ॅम्पचा प्लग लावला. तो तापायची वाट पाहणं जिवावर आलं, तरी पाहिली.

एक सूर.

...

काहीच नाही.

मामांनी आवाज वाढवला. खिडकीची तावदानं हलली. शेल्फवरचा पेला सरकला. ड्रम मात्र ढिम्म. त्यांनी ड्रमवर बोट आपटून पाहिलं. खर्रर्र. म्हणजे तारा ठीक होत्या. फक्त बेसला उत्तर देत नव्हत्या. विज्ञानाने सुद्धा द्यायला हवं होतं, तेवढंही नाही.

कोपऱ्यात आता नुसता ड्रम होता.

दिवेलागणीला स्वरदाचा फोन आला.

"बाबा, तुमच्या खोलीत काही राहिलंय का? सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला ना, की कोपऱ्यातून कसलातरी आवाज येतो. खर्रर्र असा. बघितलं तर तिथे काहीच नाहीये."

मामांनी विचारलं, "कधीपासून?"

"मी आजच ऐकला. पण केयूर म्हणतो, तुम्ही असतानाही यायचा. तुम्ही हेडफोन लावून बसायचात ना, तेव्हा. आम्हाला वाटलं, तुमच्या त्या यंत्राचाच आवाज आहे. म्हणून काही बोललो नाही."

मामांना खटका आठवला. निघायच्या आदल्या संध्याकाळचा. खाली पाडलेला.

निरोप नव्हता तो. नीलकंठ निघायची तयारी करत होता.

इतके महिने तो पुण्याच्या त्या खोलीत मामांच्या शेजारी बसून होता. पंपाला उत्तर देत होता. बेस त्याला ऐकूच येत नव्हता. आणि मामांच्या कानांवर हेडफोन होते.

"स्वरदा, फोन कोपऱ्याजवळ धर. स्पीकरवर टाक."

लांबून पंपाची घरघर आली. आणि तिच्या किंचित मागे...

खर्रर्र.

मामांनी फोन अ‍ॅम्पसमोर टेकवला आणि जीव ओतून सूर वाजवला. खोली हादरली.

"आलं ऐकू?"

"नाही बाबा. नुसती टकटक आली. तुम्ही काही वाजवताय का?"

फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस जात नाही. हे मामांना कोणी सांगायला नको होतं. तरी ते वाजवत राहिले. मग पुण्यात टाकी भरली, पंप बंद झाला, आणि तो आवाजही थांबला.

मामा फोनवर ओरडले, "नील्या! मी घरी आहे! बनारसला! ऐकतोयस ना?"

"बाबा," स्वरदा रडकुंडीला आली, "कोणाशी बोलताय तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी पुण्यात पंप सुरू झाला.

खरखर आली नाही.

त्यानंतर कधीच आली नाही.

मी मुद्दाम मामांना भेटायला बनारसला गेलो, तो ह्याच हिवाळ्यात. ड्रम कोपऱ्यात होता, खटका वर. अजून काही नाही म्हणाले. निघाला असेल, त्याला नेहमीच वेळ लागतो. त्यांच्या आवाजात शंका नव्हती, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी म्हटलं, चला, घाटावर बसू थोडं, ऊन आलंय. तर नाही म्हणाले. भाजीसुद्धा आता खालून टोपलीत वर ओढून घेतात. पुण्याचं तर नावच काढायचं नाही.

"मी बाहेर गेलो आणि तेवढ्यात तो आला तर?"

काशीत सुटलेल्या माणसाला अशी हाक मारावी का, मला माहीत नाही. पुण्याहून तो निघाला आणि इथे पोचला नाही, मग आहे कुठे, ह्याचाही मी विचार करत नाही. निदान दिवे मालवल्यावर तरी नाही.

मी पाया पडून निघालो. जिना उतरताना वर बेस सुरू झाला. एक सूर, मग थोडी जागा. पुन्हा एक सूर, पुन्हा जागा. मामा नीलकंठच्या ठोक्यासाठी जागा सोडून वाजवत होते.

मी जिन्यात उभा राहून बराच वेळ ऐकलं. त्या जागा रिकाम्याच होत्या.