चौथं टोक

"आम्ही काहीही केलेलं नाही!" मिरची कडाडली. "एकदा नाही, शंभरदा सांगेन!"

"शंभरदा नको. मोबाइल द्या," काका म्हणाले. मुलांचे मोबाइल बंद होऊन कपाटात गेले, किल्ली काकांच्या खिशात! सुट्टीचा पहिलाच दिवस, आणि ही शिक्षा!

झालं होतं असं. मिरचीच्या ताईची आज चार वाजता नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. ती मागच्या शांत खोलीतून देणार होती, पण तिथे वायफाय पोचतच नव्हतं. म्हणून काल काकांनी हॉलमधल्या राउटरपासून तिकडे लांबलचक वायर नेली आणि वायफायचा दुसरा डबा बसवला. संध्याकाळी नेट कसं झकास धावत होतं! आज सकाळची आवराआवर झाली आणि अख्ख्या घराचं नेट ठप्प. राउटर चारदा बंद-चालू करूनही ढिम्म! मोबाइलचं नेट तर त्या घरात कधी धड मिळतच नसे.

"माझ्या कामात खोट नाही. तुमच्या गेम्सनी वाट लावली," काकांनी निकाल दिला. "हा शेपूट तर सकाळपासून खेळत होता. आता राउटरला कुणी हात लावायचा नाही!"

शेपूट म्हणजे मिरचीचा सात वर्षांचा भाऊ. त्याचे डोळे भरून आले. "ताईची नोकरी माझ्यामुळे जाणार?"

"मुळीच नाही!" मिरचीच्या रागाचा पारा चढला. साडेतीन वाजले होते. मुलाखत आधीच एकदा पुढे ढकलली होती, पुन्हा कुणी ढकलणार नव्हतं. ती राउटरसमोर बसली, आणि दचकली. "ए, हे बघा! मोबाइल कपाटात, ताईचा लॅपटॉप बंद. मग हे दिवे एवढे कोणासाठी लुकलुकतायत?"

"भूत गेम खेळतंय!" काकांचा मुलगा ढब्बू म्हणाला.

"गप रे! टोकं मोज."

"एक, दोन, तीन... चार."

"बाहेरून आलेली एक वायर, मागे गेलेली एक. दोनच टोकं हवीत. ही जास्तीची दोन कुठून आली?"

सगळ्या वायरी कापडी पट्टीने घट्ट बांधलेल्या होत्या. कोणती कुठे जाते, काही कळेना. तेवढ्यात सोफ्यावर बसलेले काका खाकरले. मिरचीने ढब्बूला कोपराने ढोसलं.

"बाबा," ढब्बू अगदी साळसूदपणे म्हणाला, "मागच्या डब्याचे दिवे बघता का? तुमच्याशिवाय कोणाला कळणार?"

स्वारी खूश! काका मागे गेले. शेपूट सरपटत टेबलाखाली शिरला, पट्टी सोडली आणि एकेका टोकापासून वायर चाचपत निघाला. तिसऱ्या वायरीला तो थबकला.

"मिरची! ही कुठेच जात नाही! फिरून परत ह्याच डब्यात शिरलीय!"

"हात काढा तिथून!" दारात काका उभे होते. घड्याळात चारला दहा मिनिटं.

मिरचीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "नाही काढणार! चुकलं तर सुट्टीभर घरातली सगळी भांडी मी घासेन." आणि तिने चौथं टोक खटकन उपसलं.

दिव्यांची धांदल थांबली. दोन मिनिटं सगळ्यांचे डोळे दिव्यांवरच खिळले होते.

"आलं! नेट आलं!" मागून ताई ओरडली आणि तिचं दार धाडकन लागलं.

काका ती वायर हातात धरून बघत राहिले. "अरे, ही तर कालच्या चाचणीची. सकाळी आवरताना एक टोक लोंबताना दिसलं. मला लोंबतं काही बघवत नाही. शेजारचं भोक रिकामं दिसलं..."

"आणि दिलं खुपसून!" ढब्बू खो खो हसला. "डबा आपलं बोलणं स्वतःलाच ऐकवत बसला!"

पाच वाजता ताई धावतच बाहेर आली. "मुलाखत फर्स्ट क्लास! सोमवारी पुढची फेरी!" तिने शेपटाला उचलून गरकन फिरवलं. काकांनी किल्ली काढली. "शाब्बास, पोरांनो! मानलं तुम्हाला."

"शाबासकी नंतर," मिरची हाताची घडी घालून म्हणाली. "आधी शेपटाला सॉरी म्हणा."

काका गुडघ्यावर बसले. "सॉरी, बेटा. मी न बघताच तुझ्यावर आळ घेतला."

शेपटाने नाक पुसलं. "माफ केलं. पण ती वायर माझ्याकडे द्या. तुमच्या हाती नको!"