दगडांच्या दोन रांगा

जखमी जनावर डोंगरावर सोडून घरी यायचं नाही, हा दूर उत्तरेतल्या एका डोंगरी खोऱ्यातला नियम. तो सरकारी कागदावरही आहे, पण कागदाच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी आहे. गोळी चुकली तर लोक चार दिवस हसतात आणि विसरतात. पण गोळी लागून जनावर निसटलं आणि तुम्ही त्याच्या मागे गेला नाहीत, तर पुढच्या हंगामात तुमच्या शेजारी कॉफी प्यायलाही कुणी बसत नाही.

म्हणून सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारी सकाळी दहा वाजता लाइव बुटांच्या नाड्या आवळत होता. बावन्न वर्षांचा, लाकूड गिरणीत काम करणारा शांत माणूस. आदल्या संध्याकाळी त्याने एका रेनडियर नरावर गोळी झाडली. ती पोटात खाली लागली आणि नर कळपामागून लंगडत पठाराच्या पलीकडे उतरला. रात्रभर लाइवच्या डोळ्यांसमोरून ते लंगडणं हलत नव्हतं. स्वतःची एवढी लाज त्याला कधीच वाटली नव्हती.

दगडी खोपटाच्या दारात त्याचा मेव्हणा येर्मुंड एक पाय बाकावर टाकून बसला होता. त्याचा घोटा मुरगळला होता. जीभ मात्र शाबूत होती.

"दाजी, बाहेर बघा जरा. स्वतःचं नाक दिसेना, रेनडियर कुठून दिसायचा?"

"रक्त दिसेल."

"धुकं उठू द्या की. मेलेलं जनावर काय पळून जातंय?"

"आणि मेलं नसेल तर?"

यावर येर्मुंडने चुलीवरचा तवा आणि कोयता उचलला. "बरं. मी इथं बसून दर पाच मिनिटांनी हा तवा बडवतो. आवाजाच्या रोखानं परत या. तुम्हाला हरवून घरी गेलो, तर ताई माझी चामडी लोळवेल."

ताई म्हणजे तुरिड, लाइवची बायको. तिचं नाव निघताच लाइवला हसू आलं. त्याने बंदूक खांद्याला अडकवली आणि धुक्यात शिरला.

रक्त सापडलं. करड्या शेवाळावर काळपट ठिपके होते, पावलापावलावर एक. मागे तवा वाजत होता. धुकं इतकं दाट होतं की लाइवला पाच-सहा पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं. भिजल्या मातीचा वास येत होता, आणि मधूनच चरबीच्या धुराचा. येर्मुंडने नाश्त्याला काहीतरी जाळलं असणार, असं त्याला वाटलं.

पाऊण तासाने समोर कंबरेएवढ्या उंचीचा दगडांचा ढीग आला. थोड्या अंतरावर दुसरा, मग तिसरा. पठारावर वाट दाखवायला असेच ढीग रचतात. धुक्यात ढिगावरून ढिगाकडे जायचं, हे तिथल्या पोराटोरांनाही शिकवलेलं असतं. लाइवला हायसं वाटलं. रक्तही त्याच बाजूने गेलं होतं, तेव्हा विचार करायचं कारणच नव्हतं. रांग उजव्या हाताला ठेवून तो झपाझप निघाला.

बऱ्याच वेळाने त्याला डावीकडेही ढीग दिसला. त्याच्या पुढे आणखी एक.

लाइव थांबला. वाटेच्या ढिगांची रांग एकच असते. दोन रांगा फक्त एकाच कामासाठी रचत, आणि तेही हजार वर्षांपूर्वी. रेनडियरला दगडांचा ढीग म्हणजे उभा माणूस वाटतो. दोन ढिगांमध्ये नुसती हवा असली तरी तो त्यांच्यामधून बाहेर पडत नाही. मागून माणसं हाकारत येतात, पुढे रांगा जवळ येत जातात, आणि त्या जिथे भेटतात तिथे खड्डा असतो.

'माणूस आहेस की जनावर?' त्याने स्वतःलाच चिडवलं. तवा आता उजवीकडे वाजत होता, हाकेच्या अंतरावर; रांग वळसा घेऊन खोपटाकडेच आली असावी. दोन ढिगांमधून बाहेर पडायचं, बस्स. त्याने पाय उचलला.

पाय पुढे टाकवेना. पाय चांगला होता, समोर काहीही नव्हतं, तरी टाकवेना. अंगावरचा केस न् केस उभा राहिला. ते ढीग आपल्याकडे पाठ करून उभे आहेत आणि आपण जवळ गेलो की वळतील, असं त्याला आतून कळत होतं. तो दुसऱ्या फटीकडे गेला, तिसरीकडे गेला. मग सरळ मागे वळला.

मागे, धुक्यात, लाकडावर लाकूड आपटलं. टक्... टक्... सावकाश, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कोण आहे...?"

लाइवने हवेत तीन गोळ्या झाडल्या. आवाज कापसात बुडाल्यासारखा विरला आणि ती टकटक दहा पावलं जवळ आली.

"येर्मुंड!" तो ओरडला. "अरे येर्मुंड... इकडे ये!"

उजवीकडे तवा वाजला. इतक्या जवळ की येर्मुंडचं खोकणंही ऐकू आलं. "दाजी कुठं कडमडलेत कुणास ठाऊक," येर्मुंड स्वतःशीच पुटपुटला.

लाइव पळाला. पळायचं नाही हे कळत असूनही, टकटक जिथे नव्हती तिकडेच पळाला. रांगा दोन्ही बाजूंनी आवळत आल्या, ढिगांवर त्याच्या कोपरांची सालं निघाली, आणि पायाखालचं शेवाळ एकदम आत गेलं.

तो पालथा पडला, खाली दगडावर. दोन्ही बाजूंनी दगडी भिंती होत्या, कूस बदलण्याएवढीही जागा नव्हती. तिथे जनावर नव्हतं, रक्ताचा ठिपकाही नव्हता. वर कडेला पावलं जमली. चरबीच्या धुराचा वास खाली उतरला.

"उजवी मांडी कुणाला?" एका म्हाताऱ्या आवाजाने विचारलं. स्वर अगदी घरगुती होता.

कुणीतरी नाव घेतलं. तसं नाव खोऱ्यात आता कुणी ठेवत नाही. आणि लाइवची उजवी मांडी कंबरेपासून गार पडली.

तेव्हा त्याला उमगलं. शिकारीचे वाटे घालायची रीत आजही हीच आहे. एकाने मांसाच्या एका वाट्यावर हात ठेवून विचारायचं, दुसऱ्याने पाठ करून नाव घ्यायचं. पाठमोऱ्याला वाटा दिसत नाही, म्हणून लबाडी नाही. एकदा घेतलेलं नाव बदलत नाही. जमिनीवरून भाऊ भावाच्या जिवावर उठले, पण वाट्यावरून कुणी कधी तोंड उघडलं नाही.

"डावा खांदा कुणाला?"

आणखी एक नाव. खांदा गेला. लाइव रडू लागला, लहान मुलासारखा, आवाज न करता. 'मला' म्हणावं असं ओठांवर आलं होतं. पण मारलेल्या जनावराला स्वतःचा वाटा कधी मिळतो का?

"काळीज कुणाला?"

नाव घेणारा वर खाकरला. लाइव पालथा होता. त्याचीही पाठ त्यांच्याकडेच होती, म्हणजे नाव त्यालाही घेता येत होतं.

"तुरिडला!" तो दगडात तोंड खुपसून ओरडला. "तुरिडला... माझ्या बायकोला!"

तो म्हातारा आवाज, जरा नाखुशीनेच, म्हणाला, "तुरिडला." पाठीवर काहीतरी ओलं टेकलं आणि उचललं गेलं. दुखलं मुळीच नाही.

दोन वाजता धुकं उठलं. येर्मुंड काठी टेकत आला आणि त्याने खड्ड्यात दोर सोडला. "दाजी, अहो खोपटापासून चारशे पावलांवर बसलात! जीव घ्याल माझा." बोलताना त्याचे डोळे भरले होते. लाइवचा उजवा पाय जमिनीवर ठरत नव्हता, डावा हात वर होत नव्हता. बाकी अंगावर खरचटण्यापलीकडे काही नव्हतं.

घरी पोचायला गाडीने दोन तास लागले. तुरिड स्वयंपाकघरात होती. नवऱ्याचा पाय बघून ती घाबरली, येर्मुंडवर ओरडली, लाइवला खुर्चीत बसवलं. मग सहज म्हणाली, "वाटा मात्र लवकर पोचवलात. बारा वाजता दारावर टकटक झाली. उघडलं तर पायरीवर कातड्यात गुंडाळलेलं काळीज, अजून गरम. तसं लहानच आहे रे. मिठाच्या पाण्यात ठेवलंय, रात्री तळते."

टेबलावर पांढरं भांडं होतं. त्यातलं पाणी हलायचं, थांबायचं, पुन्हा हलायचं.

"मघापासून असंच चाललंय," तुरिड सुरी हातात घेत म्हणाली. "गाडी जातेय का रे बाहेरून?"

लाइवने मनगटावर बोटं दाबली. मग गळ्यावर. मग छातीवर तळवा ठेवून तो कितीतरी वेळ बसून राहिला.

"तुरिड," तो हळूच म्हणाला, "सुरी खाली ठेव..."

याला आता तीन वर्षं झाली. लाइव लंगडतो, डावा हात वर होत नाही, पण गिरणीत जातो. जेवण चांगलं जातं. तुरिड मात्र तेव्हापासून एकही रात्र घराबाहेर राहिलेली नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेली नाही. तळघरातल्या भांड्याचं पाणी रोज पहाटे बदलावं लागतं, आणि ते गारच लागतं. एकदा तिने चुकून कोमट ओतलं, तर वर झोपलेला लाइव ताडकन उठून बसला आणि कुणाला तरी नावाने हाका मारू लागला. ते नाव तुरिडचं नव्हतं. तसं नाव खोऱ्यात आता कुणी ठेवत नाही.