कापलेला कोपरा

"माझा पडदा चोरीला गेला!" असं ओरडत संशोधक आत आला, तेव्हा मास्तरांना वाटलं, खिडकीचा असेल.

"खिडकीच्या पडद्यासाठी कुणाला एवढा घाम फुटत नाही, मास्तर," बाई म्हणाल्या. बाई खाजगी तपास करायच्या. निवृत्त मास्तर त्यांच्या मागे मागे फिरायचे, कारण घरी त्यांचं ऐकायला भिंतींशिवाय कुणी नव्हतं.

पडदा बॅटरीतला होता. जस्ताची बॅटरी परत परत चार्ज केली की जस्ताला सुया फुटतात. त्या पलीकडे पोचल्या की बॅटरी मेली, म्हणून मध्ये पडदा हवा. संशोधकाने तो बटाट्याच्या पिठाचा आणि लाकडाच्या तंतूंचा केला होता. त्रेसष्ट फसले. चौसष्टावा हजार वेळा चार्ज करूनही शाबूत निघाला.

"मातीत गेला की महिन्यात माती! उद्या परीक्षक येतायत. पडदा दिसला नाही तर माझी प्रयोगाची खोली बंद. नवा वाळायला महिना लागतो हो!"

"शेवटचा कधी पाहिलात?"

"गुरुवारी, परीक्षकांना नमुना टपालाने पाठवला तेव्हा. मग कपाटात ठेवला. किल्ली एकच, माझ्या गळ्यात."

त्याच्या खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या खुर्चीवर फायलींचा डोंगर. खिडकीत कुंडी, आणि तिच्यातलं झाड असं माजलेलं, की मास्तरांना हेवाच वाटला.

"खत कोणतं घालता?"

"फसलेले पडदे. फसला की खूण म्हणून कोपरा कापायचा, शुक्रवारी कुंडीत पुरायचा. सहा वर्षांची सवय."

शेजारच्या खोलीत लिथियमच्या बॅटऱ्या करणारा लिथियमवाला खेकसला, "मी कशाला चोरू? गुरुवारी माझी कात्री मागायला आला, तेव्हा वर्षात पहिल्यांदा बोलला माझ्याशी!"

"लिथियमवालाच चोर!" मास्तर कुजबुजले.

झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, "केरात चिटोरंसुद्धा नव्हतं. साहेब माणसांशी बोलत नाहीत, कुंडीशी बोलतात. शुक्रवारी तिला म्हणत होते, 'घे बाई, हेही घे.'"

बाईंनी संशोधकाला त्याच्याच खुर्चीत बसवलं.

"किल्ली एक, म्हणजे कपाट तुम्हीच उघडलंत. गुरुवारी कात्री आणलीत, कारण नमुना पाठवायचा होता. नमुना म्हणून काय कापलंत?"

"कोपरा..." संशोधकाने कुंडीकडे पाहिलं.

"आणि कोपरा कापलेल्या पडद्याचं शुक्रवारी काय करता?"

मास्तरांनी चमचा घेऊन कुंडी उकरली. चौसष्टावा निघाला. पाच दिवसांत त्याची चाळण झाली होती आणि कडेवर गांडूळ निवांत पसरलं होतं.

"संपलं," संशोधक म्हणाला.

"कुठे संपलं? टिकतो हे दाखवायला कोपरा परीक्षकांकडे आहे. कुजतो हे दाखवायला ही चाळण. गांडुळालाही उद्या हजर ठेवा, तेवढा एक साक्षीदार आहे तुमच्याकडे." बाई उठल्या. "खोलीत दुसरं माणूस असतं ना, तर शुक्रवारी म्हणालं असतं, अहो, हे काय करताय? एवढ्या एका वाक्यासाठी तुम्हाला मला बोलवावं लागलं."

बाई जिना उतरल्या. मास्तर मात्र दारातच घुटमळले. मग परत फिरून त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरच्या फायली एकेक करून खाली ठेवल्या.

"शुक्रवारी किती वाजता पुरता?" त्यांनी विचारलं.

"चारला. का?"

"मला चारला काही काम नसतं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बसून पाहिलं. खुर्ची एका पायाने डुगडुगत होती, पण चालण्यासारखी होती.