रुमाल ठेवलेली खुर्ची

"शून्यापासून मोजायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? आमच्या घरी शेळ्यासुद्धा एकपासून मोजतात."

पुढच्या रांगेतला तिरुपती शेजारणीच्या कानाशी कुरकुरत होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कुणाला पटो न पटो, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. हैदराबादेत, अमीरपेटच्या क्लासमध्ये, माझ्या सकाळच्या बॅचला. खिडकीत ऊन आलं होतं. खाली टिफिन सेंटरात डोसे पडत होते. भुताखेतांची वेळच नव्हती ती.

मी जावा शिकवते, म्हणजे संगणकाची भाषा. कॉलेजात नाही शिकले. नवऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात पोरांच्या नोट्स काढता काढता वाचत गेले. म्हणून माझी पद्धत जरा गावठी.

कोड संगणकावर नंतर. आधी माणसांवर चालवायचा.

पुढच्या रांगेतली चार मुलं म्हणजे चार कप्पे. शून्य, एक, दोन, तीन. प्रत्येकाच्या पाटीवर एक आकडा. मी कप्पा पुकारायचा, त्याने आकडा सांगायचा, फळ्याजवळच्याने बेरीज करत जायची. कप्प्याचा नंबर चारपेक्षा लहान असेपर्यंतच ही फेरी चालायची, तिलाच लूप म्हणतात.

त्या दिवशी फळ्याजवळ मुद्दाम सौजन्याला उभं केलं.

दुसऱ्याच दिवशी तिची नोकरीची परीक्षा होती. नापास झाली की बाप वरंगलला नेऊन लग्न उरकणार होता. पोरगी हुशार. पण अलीकडे तिचं प्रत्येक उत्तर चुकायचं.

आणि प्रत्येक वेळी... नऊनेच जास्त यायचं.

रांगेतली पाचवी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर निळा रुमाल. आमच्याकडे जागा अशीच धरतात. ती यादगिरीची.

"यादगिरी कुठंय रे?" मी रोज विचारायची.

"गावी गेलाय, मॅडम."

"आला की कान उपटते त्याचे."

यावर कुणी हसायचं नाही.

तेवढ्यात वीज गेली. पंखा गरगरत थांबला.

"शून्य?"

"सात."

"एक?"

"तीन."

"दोन?"

"दहा."

"तीन?"

"पाच," तिरुपती म्हणाला.

सौजन्याने पंचवीस लिहिले.

"आता चार. चार हा चारपेक्षा लहान आहे का? नाही. म्हणजे लूप संपलं."



आणि मग...

"नऊ."

सर्दीने बसलेला आवाज. रांगेच्या टोकाकडून.

सौजन्या वळलीसुद्धा नाही. पंचवीसच्या खाली तिने चौतीस लिहिले.

"तिरुपती, चेष्टा पुरे."

"मी नाही मॅडम. आईशप्पथ."

त्याचे ओठ मिटलेलेच होते. मी बघत होते.

पुन्हा पहिल्यापासून घेतलं. या वेळी नजर त्या खुर्चीवर ठेवली. तीन झालं. संपलं म्हणाले...

"नऊ."

रुमाल मधोमध खाली दबला होता. वर कुणी बसल्यावर दबतो तसा.

आजही शिकवताना शेवटच्या कप्प्यानंतर माझा खडू थांबतो. लूप संपलेलं मला चांगलं ठाऊक असतं. तरी कान टोकाकडे लागतात.

त्या क्षणी मात्र मला पोरीचा उद्याचा पेपर दिसत होता.

"सौजन्या, पुस ते. तिनाच्या पुढे कुणी नाही. उद्या असंच लिहिलंस तर?"

"पुसू कसं, मॅडम? त्याचा आकडा आहे. तो नेहमी नऊच लिहायचा."

"लिहायचा म्हणजे?"

तिरुपतीने पाटी मांडीवर उपडी घातली. बाकीचे खाली बघत राहिले. टिफिन सेंटरातल्या तव्यावर पाणी चरचरलं, ते वरपर्यंत ऐकू आलं.

सौजन्या सावकाश वळली. त्या खुर्चीकडे तिने सरळ बघितलं. बहुतेक कितीतरी दिवसांनी.

"रुमाल मी ठेवते रोज," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी येऊन."

मग डस्टर उचललं. चौतीस पुसले. पंचवीस राहिले.

"गावी गेला तो तापातच गेला होता. यादगिरी वारलाय, मॅडम."